मोडलेल्या हत्याराचे वाचन

मराठी साहित्यात लोखंड कमी नाही. ऐरण आहे, भाता आहे, घण आहे, गिरणीचा भोंगा आहे, बंद पडलेल्या गिरणीचे गंजलेले फाटकही आहे. पण बोथट झालेले किंवा मोडलेले हत्यार कुणी हातात घेतले, ते का मोडले हे निरखून पाहिले आणि पुन्हा कामाला लावले, असा प्रसंग शोधायला बसले की हाती फार थोडे लागते. गेली काही वर्षे मी हा शोध घेतो आहे. मी विद्यापीठातला नाही. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला, एका लहान कारखान्याच्या टूल रूममध्ये एकवीस वर्षे काढली आणि वाचन जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालय आणि रद्दीचे दुकान यांच्या आधाराने. त्यामुळे या लेखाचा एक पाय पुस्तकांत आहे आणि दुसरा ग्राइंडरजवळ.

माझे म्हणणे आधीच सांगतो. यंत्रशाळेतल्या हत्याराची दुरुस्ती हे मुळात निर्णयाचे काम आहे. मोडलेली वस्तू वाचायची, मोडण्याचे कारण ठरवायचे, ती वाचवायची की टाकायची हे ठरवायचे आणि वाचवली तर तिच्यात काय बदलले ते पुढच्या माणसाला कळवायचे. मराठी लेखनाने या कामाकडे कधी श्रद्धेचा विषय म्हणून पाहिले, कधी दारिद्र्याची खूण म्हणून, तर अलीकडे एक सुंदर उपमा म्हणून. तिन्ही दृष्टींतून नेमका निर्णय निसटला. ज्यांच्याकडे ही निर्णयशक्ती होती, त्यांच्या हातून ती काढून घेतली गेली तेव्हा साहित्यात तिचा साक्षीदार कुणी नव्हता.

वाचन म्हणजे काय

यंत्रशाळेत 'हत्यार' म्हणजे ड्रिल, टॅप, रीमर, मिलिंग कटर, लेथचे टूल. यांतले सर्वांच्या ओळखीचे हत्यार म्हणजे ड्रिल, म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. साध्या पोलादात भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकाचा कोन सहसा 118 अंशांचा असतो, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 59-59 अंश. टोकाला दोन धारा असतात आणि प्रत्येक धारेच्या मागे साधारण 8 ते 12 अंशांचा उतार दिलेला असतो. हा उतार नसेल तर धारेच्या मागचा भागच धातूवर घासत राहतो आणि धार कापण्याआधीच अडते.

असे ड्रिल खराब होऊन टूल रूमच्या खिडकीत आले की अनुभवी माणूस ते लगेच दगडावर धरत नाही. आधी उजेडाकडे नेऊन फिरवतो. धारांचे बाहेरचे कोपरे गोल झाले असतील तर फेरे जास्त ठेवले गेले असावेत, किंवा माल अपेक्षेपेक्षा कडक निघाला असावा. धारेचे टवके उडाले असतील तर दाब जास्त पडला, नाही तर मागचा उतार जरुरीपेक्षा जास्त दिल्यामुळे धारेला आधार उरला नाही. ड्रिल मधोमध उभे चिरले असेल तर उतार कमी पडला आणि तरीही ते जोराने दाबले गेले. आणि ड्रिल धड दिसते पण भोक मापापेक्षा मोठे पडते, अशी तक्रार असेल तर दोन धारांची लांबी किंवा कोन सारखे नाहीत. म्हणजे चूक चालवणाऱ्याची नाही, मागच्या वेळी ज्याने धार लावली त्याची.

जाड आर्बर किंवा बोल्ट तुटून आला तर तुटलेला पृष्ठभाग पाहायचा. त्याचा काही भाग गुळगुळीत, किनाऱ्यावर लाटांनी उमटवाव्यात तशा बारीक रेघांचा आणि उरलेला भाग खरबरीत, दाणेदार दिसला तर तो एका दिवसात तुटलेला नाही. लहान तडा कित्येक दिवस पुढे सरकत होता आणि उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाल्यावर शेवटचा तुकडा एकदम गेला. सगळाच पृष्ठभाग दाणेदार असेल तर एकच मोठा झटका. पहिल्या प्रकारात आर्बर बदलून भागत नाही. तडा जिथून सुरू झाला तो कोपरा किंवा ती खाच शोधावी लागते. नाही तर नवा आर्बरही त्याच वाटेने जातो.

मी याला वाचन म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. समोर एक लिखित आहे, त्याचा लेखक हजर नाही, खुणा थोड्या आहेत, एकाच खुणेचे दोन अर्थ संभवतात आणि वाचकाला त्यांतला एक निवडून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. समीक्षक याहून वेगळे काय करतो? फरक एवढाच, की इथे चुकीचे वाचन दुपारपर्यंत उघडे पडते.

शेवटणे आणि पाजवणे

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी दोन क्रियापदे होती: पाजवणे आणि शेवटणे. विळ्याची धार बोथट झाली की तो पाजवायचा, म्हणजे घासून धार काढायची. फाळ किंवा कुदळ झिजून आखूड झाली की ती शेवटायची, म्हणजे भट्टीत लाल करून, ठोकून टोक पुन्हा काढायचे आणि पाणी द्यायचे. पहिले काम घरचा माणूस दगडावर करू शकतो, दुसऱ्याला लोहार लागतो. धार गेली आहे की हत्याराचे अंगच गेले आहे, हा निर्णय या दोन शब्दांच्या निवडीतच होत असे. प्रमाण मराठीत आपण दोन्हींना 'दुरुस्ती' म्हणतो. मूळचा फारसी 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, ठीक. शब्द चांगला आहे, पण त्यात सगळे भेद बुडून जातात.

गावच्या लोहाराकडे लेखनाचे लक्ष गेले नाही असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यात काम केलेल्या या लेखकाने बलुतेदारांची कामे आणि त्यांचे हक्क बारकाईने नोंदले, आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण आत्र्यांची नजर देण्याघेण्याच्या हिशेबावर आहे. कारूनारूंचा शेतकऱ्यावर पडणारा भार हा त्यांच्या चिंतेचा विषय आहे. त्यामुळे लोहार त्यांच्या पानांवर येतो तो धान्याचा वाटेकरी म्हणून. झिजलेल्या फाळाकडे पाहून काही ठरवणारा माणूस म्हणून नव्हे.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बलुत्यात दुरुस्तीचे मोल नगावर नव्हते, सालावर होते. फाळ वर्षात दोनदा शेवटला काय आणि पाच वेळा शेवटला काय, सुगीला मिळणारे धान्य ठरलेले. म्हणजे पाणी नीट देऊन फाळ जास्त काळ टिकवण्यात लोहाराचाच फायदा होता. आजच्या बाजारात उलटे आहे: हत्यार जितके लवकर संपेल तितका विकणाऱ्याचा लाभ. टिकाऊपणाची आस्था ही केवळ स्वभावाची बाब नसते, मोबदल्याच्या रीतीतून ती घडते. मात्र एवढ्यावरून बलुत्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीच व्यवस्था कुणी कोणते काम करायचे हे जन्मावरून ठरवत होती. दया पवारांच्या 'बलुतं'ने (1978) या शब्दाची दुसरी बाजू मराठी वाचकापुढे ठेवली. त्यातल्या मुंबईच्या कावाखान्यातल्या बायका चिंध्या, कागद, काच, लोखंड वेचून जगतात. टाकलेल्या वस्तूत अजून काय शिल्लक आहे हे ओळखण्याचे ज्ञान या समाजात कायम तळाच्या माणसांवर सोपवले गेले आणि मग त्याला ज्ञान म्हणायचे नाही, हेही ठरून गेले.

भक्ती, आवाज आणि भोंगा

लोहारकामाचे मराठी मनातले सर्वांत ठसठशीत चित्र कोणते, असे विचारले तर बहुतेकांना 'साधी माणसं' (1965) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले ऐरणीला उद्देशून असलेले गाणे आठवेल. जगदीश खेबूडकरांचे शब्द, 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत आणि त्यांचाच आवाज. गाणे सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण त्यातली ऐरण हा देव आहे आणि ठिणगी हे फूल आहे. कामाचे रूपांतर पूजेत होते. खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडू वाहतो, तेव्हाही हेच करतो. त्या दिवशी यंत्र बंद असते, हत्यारे पुसून मांडलेली असतात आणि त्यांना कुंकू लावलेले असते. पूजेच्या हत्याराला दोष नसतो. दुरुस्तीची सुरुवात मात्र दोष पाहण्यापासून होते. ज्या वस्तूला आपण देव केले तिच्यातला दोष पाहण्याची सवय जाते, असे मला वाटते.

यानंतरचा टप्पा कामगाराच्या साहित्याचा. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) आणि 'माझे विद्यापीठ' (1966) या संग्रहांनी कामगाराला मराठी कवितेत बोलता केले. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहातल्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला तरुण येतो आणि कामाच्या जागी पहिली झडती होते ती जातीची. या लेखनाने हत्याराच्या धारेकडे पाहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ज्याला माणूस म्हणून उभे राहायलाच जागा नाही, त्याने आधी जागा मागावी हे योग्यच होते. माझा आक्षेप त्या लेखकांवर नाही, त्यांच्यामागून आलेल्या समीक्षेवर आहे. तिने कामगाराचे शोषण वाचले, त्याचा संताप वाचला, त्याची एकजूट वाचली. त्याचे कसब वाचले नाही. कसब हा जणू भांडवलदाराच्या फायद्याचा विषय, साहित्याचा नव्हे.

1982 च्या गिरणी संपानंतर हे आणखी ठळक झाले. जयंत पवारांचे 'अधांतर' (1997) हे त्या पडझडीचे मोठे नाटक आहे आणि ते घडते गिरणगावातल्या चाळीतल्या एका खोलीत. मराठी साहित्य गिरणीपर्यंत अनेकदा ती बंद पडल्यावर पोचते. चालू गिरणीच्या मेंटेनन्स खात्यात बसून झिजलेल्या भागाचे काय करायचे हे ठरवणारा फिटर त्याच्या वाटेत येत नाही.

एक योगायोग मला नेहमी खुणावतो. मराठीतले एक महत्त्वाचे मासिक कारखान्याच्या आवारात जन्मले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात 1888 साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे तेच कथा-कविता आणि समाजसुधारणेचे मासिक म्हणून घरोघर गेले. साहित्य आणि यंत्रशाळा यांच्यामध्ये एका भिंतीइतकेच अंतर असण्याचा हा मराठीतला दुर्मीळ प्रसंग. तरीही मराठी कथेची वाट त्या भिंतीपलीकडे फारशी गेली नाही.

हे होऊ शकते याचा पुरावा परभाषेत आहे. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही हा व्यवसायाने रसायनतज्ज्ञ. त्याच्या 1978 च्या 'ला क्यावे आ स्तेल्ला' या पुस्तकाचा नायक फाउस्सोने हा क्रेन, पूल, मनोरे उभारणारा कारागीर आहे. तो आपल्या कामांच्या गोष्टी सांगतो आणि त्यांतल्या कित्येकींचा ताण 'हे का बिघडले?' एवढ्याच प्रश्नावर उभा असतो. ऑशविट्झमधून वाचलेल्या लेखकाला कामाचा हा आनंद हलका वाटला नाही, ही बाब आपण ध्यानात घ्यायला हवी. कसबाविषयी लिहिणे म्हणजे शोषण विसरणे नव्हे.

सोने नव्हे, आकडा

आता त्या उपमेकडे वळतो. गेल्या काही वर्षांत ललित लेखांत आणि व्याख्यानांत जपानी 'किंत्सुगी'चा उल्लेख वारंवार येतो. फुटलेले भांडे लाखेने सांधायचे आणि सांध्यावर सोन्याची पूड लावायची. तडा लपवायचा नाही, मिरवायचा. कला म्हणून ती थोरच आहे. पण मराठीत ती आली ती मनाच्या जखमांची उपमा होऊन, आणि आता 'दुरुस्ती' म्हटले की सुशिक्षित वाचकाला तीच आठवते. यंत्रशाळेतली दुरुस्ती या उपमेत बसत नाही. का बसत नाही, हे पाहिले की तिचा स्वभाव कळतो.

20 मिलिमीटरचा एंड मिल बाजूने धार लावून आला की तो 20 राहत नाही, 19.6 होतो. त्याने 20 ची खाच एका फेरीत पडणार नाही. त्यामुळे धार लावणाऱ्याचे काम धार लावून संपत नाही. नवे माप मोजून ते शँकवर कोरावे लागते किंवा चिठ्ठी बांधावी लागते. ते माप पाहून यंत्र चालवणारा आपला हिशेब बदलतो. ही चिठ्ठी नसेल तर उत्तम धार लावलेला कटर हा बोथट कटरपेक्षा धोकादायक ठरतो. बोथट कटर निदान आवाज करून आपली अवस्था सांगतो. रीमरचे तर याहून कडक. 12 मिलिमीटरच्या एच7 भोकाला 12.000 ते 12.018 एवढीच मुभा. रीमर झिजून या पट्ट्याच्या खाली गेला की तो 12 चा रीमर म्हणून मेला. त्याला घासून लहान मापाचा करता येते, पण मग त्याचे नाव बदलते. याउलट, गिअरचा आकार कापणारे काही कटर असे घडवलेले असतात की फक्त त्यांच्या दातांची समोरची बाजू घासली तर कितीही वेळा धार लावली तरी दातांचा आकार तोच राहतो. कोणत्या हत्याराने कुठे झिजावे आणि कुठे झिजू नये, हे इथे घडवणाऱ्यानेच आधी ठरवून ठेवलेले असते.

साधे ड्रिलसुद्धा धार लावून पूर्वीचे होत नाही. त्याचा मधला गाभा टोकाकडे पातळ आणि दांड्याकडे जाड होत गेलेला असतो. ड्रिल आखूड होत गेले की टोकाशी जाड गाभा येतो, मधली आडवी धार लांबते आणि ते दाबायला जास्त जोर लागू लागतो. म्हणून जाणकार माणूस गाभा मुद्दाम घासून पातळ करतो. नव्या ड्रिलला हे करावे लागत नाही. म्हणजे दुरुस्त करणारा मूळ रूपाची नक्कल करत नाही. उरलेल्या अंगासाठी नवे रूप ठरवतो. रिचर्ड सेनेट यांनी 'द क्राफ्ट्समन' (2008) मध्ये वस्तूला होती तशी करणारी स्थिर दुरुस्ती आणि तिचे रूप वा उपयोग बदलणारी गतिमान दुरुस्ती असा भेद केला आहे. ड्रिलच्या बाबतीत तो भेद पुसट होतो. ते 'होते तसे' राहावे यासाठीच ते बदलावे लागते.

तेव्हा यंत्रशाळेतली दुरुस्ती तडा लपवत नाही आणि मिरवतही नाही. ती त्याचा आकडा लिहिते. हा प्रामाणिकपणा सोन्याच्या रेघेइतका देखणा नसेल, पण त्यावर दुसऱ्या माणसाचे बोट आणि दिवसाचा रोज अवलंबून असतो.

हा आकडा जिथे साठतो ती जागा म्हणजे टूल क्रिबचे रजिस्टर. अशी काही जुनी रजिस्टरे मी रद्दीतून वाचवली आहेत. एक तर कारखान्याने जागा बदलली तेव्हा इतर कागदांबरोबर किलोच्या भावाने निघाले होते. तारीख, हत्यार, माप, घेणाऱ्याची सही, परत आल्याची अवस्था, कारण, नवे माप. मजकूर त्रोटक, क्रियापदे जेमतेम. पण एकाच कटरच्या नोंदी पानोपानी जुळवत गेलो की त्याचे चरित्र उभे राहते: पहिले माप, पहिला टवका, मग उतरत गेलेली मापे, एका मापानंतर फक्त ओबडधोबड कामासाठी झालेली बदली आणि शेवटी बाद झाल्याची खूण. कारणाच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचा स्वभावही दिसतो. कुणी सगळीकडे 'झीज' लिहून मोकळा होतो, कुणी माल कडक होता की शीतक द्रव बंद होता हे वेगळे लिहितो. पहिल्याने काम उरकले, दुसऱ्याने वाचले. शंभर वर्षांपूर्वीच्या दप्तरातल्या कागदांना आपण साधन मानतो. कामगाराने कामगारासाठी लिहिलेल्या या मराठी गद्याला अजून कुणी गद्य मानलेले नाही.

धार कुणाची

वाचनाची ही शक्ती आपोआप लोपली नाही. अमेरिकेत फ्रेडरिक विन्स्लो टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस बेथलेहेम स्टीलमध्ये हायस्पीड स्टीलच्या हत्यारांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. साध्या कार्बन पोलादाचे टूल घासताना निळे पडले, म्हणजे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की त्याची धार नरम पडते. हायस्पीड स्टील मात्र 600 अंशांच्या आसपासही कापण्याइतके कडक राहते. यामुळे यंत्रांचा वेग कितीतरी वाढला. पण टेलरची दुसरी सूचना तितकीच दूरगामी होती. कामगाराने आपले टूल आपण घासू नये; मध्यवर्ती टूल रूमने ठरावीक आकारात घासून द्यावे. धातू कापण्यावरच्या आपल्या प्रयोगांचा 1906 चा निबंध त्याने सव्वीस वर्षांच्या कामानंतर सादर केला. त्या प्रयोगांची शास्त्रीय योग्यता मी मान्य करतो, आणि माझी स्वतःची नोकरीही त्याच टूल रूमच्या कल्पनेतून आली हेही खरे. तरी हिशेब मांडायला हवा: चालवणाऱ्याच्या हातातली धार त्या दिवशी खिडकीपलीकडे गेली.

पुढचे पाऊल कार्बाइडचे. जर्मनीच्या क्रुप कंपनीने 1920 च्या दशकात 'विडिया' हे नाव रूढ केले. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांचा तो संक्षेप. आपल्याकडे वर्कशॉपात कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला 'विडिया' म्हणतात, इतका तो शब्द मराठी झाला. पितळेने डाग दिलेली विडियाची टीप मोडली की तापवून काढता येई, नवी बसवता येई. तापलेली टीप पाण्यात बुडवायची नाही, नाही तर तडकते, हे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगितले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्क्रूने बसणारी इन्सर्ट आली. एक कोपरा झिजला की फिरवायची, सगळे कोपरे झिजले की काढून टाकायची. आज सीएनसीवर तीच आहे. तिचा वेग आणि अचूकता नाकारणे खुळेपणाचे ठरेल. झिजलेल्या इन्सर्टही वाया जात नाहीत. त्यांतल्या टंगस्टनसाठी त्या किलोवर विकल्या जातात. पण भंगारातून धातू परत मिळवणे आणि हत्यार दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पदार्थ वाचतो, दुसरीत निर्णयही वाचतो.

या जागी हल्ली एक शब्द पुढे केला जातो: 'जुगाड'. हिंदीतून आलेला हा शब्द 2012 मध्ये व्यवस्थापनावरच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकावर चढला आणि तेव्हापासून भारतीय माणसाच्या कल्पकतेचे कौतुक म्हणून वापरला जातो. मला तो दुरुस्तीचा अपमान वाटतो. जुगाड म्हणजे आत्ता चालतेय ना, मग झाले. दुरुस्ती विचारते, किती चालेल, कोणत्या कामाला चालेल आणि कुठे मुळीच वापरायचे नाही. म्हणूनच दुरुस्तीत नकाराला मान आहे. ग्राइंडरचा नवा दगड बसवण्याआधी टांगून हलकेच ठोकतात. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तो दगड कितीही नवा असला तरी बसवायचा नाही. छन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले की ते घासून टाकायचे, कारण त्याचा तुकडा डोळ्यात जातो. हातोड्याच्या कडक तोंडाला तडा गेला की वेल्डिंग करत बसायचे नाही, तो टाकायचा. दोन पैसे वाचवण्यासाठी असला तडा चालवून घेणारा मालक जुगाडाचे कौतुक करतो. तो हातोडा उचलणारा माणूस करत नाही. दुरुस्तीला दारिद्र्याची खूण मानणारी आणि जुगाडाला प्रतिभा मानणारी दृष्टी एकच आहे. दोघींनाही नकार देणारा कारागीर दिसत नाही.

काय करता येईल

मराठी लेखकांनी उद्यापासून ड्रिलवर कथा लिहाव्यात, असे मी म्हणणार नाही. मागणीवरून साहित्य होत नाही. पण समीक्षेला आणि संशोधनाला काही कामे नक्की करता येतील. भोसरी, सातपूर, कोल्हापूरचे उद्यमनगर अशा ठिकाणी साठी ओलांडलेले टूल ग्राइंडर आणि फिटर अजून भेटतात. त्यांच्या बोलण्यातली क्रियापदे, बिघाडाला त्यांनी दिलेली नावे, आवाजाची आणि रंगाची त्यांची वर्णने टिपून घ्यायला हवीत. कोश करताना आपण यंत्राच्या भागांना प्रतिशब्द शोधत बसलो. कामाच्या क्रियांना लोकांनी जे शब्द दिले होते ते वेचले नाहीत. टूल क्रिबची रजिस्टरे अभिलेखागारात जाण्याच्या योग्यतेची आहेत, आणि ती भंगाराच्या गाडीत पडण्याआधी कुणीतरी मागायला हवीत. कामगारसाहित्याचे पुनर्वाचन करताना शोषणाच्या प्रश्नाशेजारी आणखी एक प्रश्न ठेवायला हवा: या माणसाला काय येत होते, आणि ते त्याच्याकडून कुणी, केव्हा काढून घेतले?

हा प्रश्न विचारला की कामगाराची हानी केवळ रोजगाराची राहत नाही. संपात किंवा टाळेबंदीत गेलेल्या पगाराचा हिशेब संघटनांनी ठेवला, साहित्यानेही त्याची नोंद घेतली. उजेडात ड्रिल फिरवून 'हे फेऱ्यांमुळे गेले' असे सांगण्याचा जो अधिकार त्या माणसाला होता, त्याच्या जाण्याची नोंद कुठेच नाही. तो अधिकार कमावायला दहा-पंधरा वर्षे लागत आणि तो निवृत्तीच्या कागदांत लिहिलेला नसे. ज्यांच्याकडे तो आहे अशी माणसे आज हयात आहेत आणि बहुतेकांना अजून कुणी काही विचारलेले नाही.